शेवटचा सेकंद की शेवटचा आउट?

२०२४ मधले दोन क्षण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

यूएफसी ३०० या मिश्र मार्शल आर्ट्सच्या (एमएमए) लढतींच्या कार्यक्रमात मॅक्स हॉलोवे गुणांवर पुढे होता. शेवटचे दहा सेकंद तो नुसता लांब राहिला असता तरी चाललं असतं. पण त्याने मधोमध जमिनीकडे बोट दाखवून जस्टिन गेथजीला भिडायला बोलावलं. एक सेकंद उरला असताना गेथजी तोंडावर कोसळला!

बेसबॉलमध्ये सामना संपवणारं घड्याळच नसतं. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना, दहावा डाव. डॉजर्स यँकीजच्या मागे, ३-२. दोन आउट, तिसरा झाला की खेळ खल्लास. तिन्ही बेसवर डॉजर्सचे धावपटू. घोटा दुखावलेल्या फ्रेडी फ्रीमनने पहिलाच चेंडू प्रेक्षकांत भिरकावून सामना जिंकून दिला आणि बॅट उंच धरून तो क्षणभर तसाच उभा राहिला.

मला फ्रीमनचाच फटका जास्त भावतो. हॉलोवे जिंकतच होता. फ्रीमनचा संघ एका आउटवर हरणार होता.