शर्यत दाराशी आली की कानांचं काय? इअरप्लग, इअरमफ आणि खिडकीची पट्टी: इंदूरच्या शेजाऱ्यांसाठी परीक्षण

शहरातल्या मैदानावर मातीचे उंचवटे रचून मोटारसायकलींची सुपरक्रॉस शर्यत ठरली की आजूबाजूच्या सोसायट्यांत दोन तट पडतात. पुतण्या तिकिटाच्या मागे, आणि आत्या बाल्कनीचं दार लावून घेण्याच्या. पण त्या आठवड्यात दोघांचा प्रश्न एकच असतो: कानांचं काय करायचं? म्हणून इथे तीन वस्तू एकत्र घेतल्या आहेत: ३एम ११०० फोमचे इअरप्लग, ३एम पेल्टर एक्स५ए इअरमफ आणि सरकत्या खिडकीला लावायची फोमची चिकटपट्टी. निकाल आधीच सांगून टाकायचा तर पुतण्यानं फोम घ्यावा, आत्यानं पट्टी. मफ चांगला आहे, पण ज्याच्यासाठी तो घेतला जातो त्याच्या तो क्वचितच कामाचा.

आधी आवाजाकडे बघू, कारण वस्तू निवडताना चूक तिथेच होते. ४५० सीसीची एक सिलिंडरची फोर-स्ट्रोक गाडी ९,००० आरपीएमला सेकंदाला ७५ वेळा पेटते, म्हणजे आवाजाचा पाया ७५ हर्ट्झ. हा ढोलासारखा खालचा आवाज. त्यावर चरचराट चढतो तो सायलेन्सर, साखळी आणि चाकांचा. चरचराट अडवणं सोपं असतं. खालचं घुमणं काचेतून, भिंतीतून आणि मफच्या वाटीतूनही आत येतं.

दोन मीटरवर एका गाडीचा आवाज ११० डेसिबल धरा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतात, म्हणजे १२८ मीटरवर साधारण ७४. गेट पडून दहा गाड्या एकदम सुटल्या की १० वाढले, ८४. अर्धवट उघडी खिडकी १५ खाते, घरात उरले ६९. यानं कान बिघडत नाही. बोलणं तुटतं, टीव्ही वाढवावा लागतो, तान्हं दचकून उठतं. स्टँडमध्ये मात्र १०० डेसिबल सहज होतात, आणि अमेरिकेच्या नायोश संस्थेच्या मोजमापाप्रमाणे १०० डेसिबल रोज १५ मिनिटांच्या वर ऐकू नयेत. ८५ ला आठ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. पुतण्याचा प्रश्न कानाचा आहे, आत्याचा दिवसाचा. दोघांना एकच पुडी आणून देणारा घरोघरी भेटतो.

आणखी एक गोष्ट. तळमजल्याला कंपाउंडची भिंत आणि स्टँडची पाठ आडोसा देतात. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर थेट ट्रॅक दिसतो, म्हणून तिथे आवाज जास्त. वरच्या मजल्याची तक्रार खालच्याला नखरा वाटते, ती यामुळे.

आता फोम. ३एम ११०० ची जोडी वीस रुपयांच्या आसपास पडते. सियागंजात सेफ्टीचं सामान विकणाऱ्यांकडे मागा. औषधाच्या दुकानात कापूस पुढे केला जातो, आणि कापूस जवळजवळ काहीच अडवत नाही. पुडीवर एनआरआर, म्हणजे आवाज किती डेसिबल घटतो त्याचा आकडा, २९ लिहिलेला असतो, पण म्हणून १०० मधून २९ वजा करायचे नाहीत. सावध हिशेब असा: २९ मधून ७ काढा आणि उरलेल्याचे निम्मे करा, म्हणजे ११. १०० चे ८९ झाले, पाव तासाचे जवळजवळ तीन तास झाले. नीट बसवला तर याहून बराच जास्त मिळतो. अर्ध्यावर लोंबकळत राहिला तर हे अकराही मिळत नाहीत, आणि स्टँडमध्ये बहुतेकांच्या कानात तो तसाच लोंबत असतो.

बसवायचा असा. हात धुवा. बोटांच्या टोकात प्लग वळत वळत अगदी बारीक करा, शेवया वळतात तसा, घडी पडू न देता. घडी पडली की आत फुगताना तिथे नाली राहते आणि आवाज त्या नालीतून येतो. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि ३० ते ४० सेकंद बोटानं धरून ठेवा. ही धरून ठेवायची पायरी सगळे गाळतात, मग फोम फुगून बाहेर येतो. आरशात समोरून बघताना प्लगचं टोक ठळक दिसत असेल तर तो बसलेला नाही. दुसरी खूण: दोन्ही कानांवर तळवे घट्ट दाबा. आवाज आणखी बराच कमी झाला तर काढून पुन्हा घाला. काढताना हळू पिळत काढा. खसकन ओढला तर पडद्यावर ताण येऊन दुखतं. मातीचा हात लागलेला प्लग पुन्हा वापरू नका, धुऊन तर नाहीच. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर प्लगच नको.

पेल्टर एक्स५ए ची गोष्ट वेगळी. एनआरआर ३१, वजन ३५१ ग्रॅम, किंमत काही हजारांत. घालायला सोपा, शिकावं लागत नाही, हा त्याचा खरा गुण. पण पुड्यावरच्या तक्त्यात १२५ हर्ट्झचा आकडा १,००० हर्ट्झच्या मानानं बराच खाली असतो. म्हणजे जे ७५ हर्ट्झचं घुमणं आत्याला छळतं, तिथेच मफ कमी पडतो. फोम त्या बाबतीत जास्त समतोल. शिवाय मफची सारी मदार गादीच्या सीलवर. चष्म्याची काडी, कानातले झुबे, ओढणी, अंबाडा, यातलं काहीही मध्ये आलं की फट पडते. झुब्यावर वाटी दाबली तर अर्ध्या तासात पाळी दुखायला लागते. उन्हाळ्यात घामानं गादी चिकट होते, पुढे कडक होते. वर्षातून दोनदा गादी बदलावी लागते, आणि सुटी गादी इथे चटकन मिळत नाही. फोमवर मफ चढवला तर दोन्ही आकड्यांची बेरीज होत नाही, मोठ्या आकड्याच्या हिशेबात फक्त ५ वाढतात. ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन उभे राहणाऱ्यांना ते परवडतं. घरात घालून बसलं तर दाराची बेल, कुकरची शिट्टी, पाळण्यातलं रडणं, काहीच कळत नाही.

लहान मुलांना ११०० देऊ नये. कानाची नळी अरुंद, त्यात प्लग काढून तोंडात जायची भीती. मुलांच्या मापाचे छोटे मफ मिळतात, तेच घ्या. एक्स५ए मुलांच्या डोक्यावर ढिला पडतो. तान्ह्याला स्टँडमध्ये नेऊच नका.

पट्टीबद्दल मात्र हात राखून लिहायचं कारण नाही. आपल्याकडच्या अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या फटींनी भरलेल्या असतात, आणि धूळ व चरचराट दोन्ही त्याच वाटेनं येतात. फट मोजायची युक्ती स्वयंपाकघरात आहे. कणकेची सुपारीएवढी गोळी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून फटीत ठेवा, पल्ला लावा, उघडा, आणि चपटी झालेली गोळी मोजपट्टीनं मोजा. ३ मिलिमीटर भरली तर ५ ते ६ ची पट्टी आणा. जाडी नेमकी तेवढीच घेतली तर दाब बसत नाही, फार जाड घेतली तर खिडकी लागत नाही. साध्या स्पंजच्या पट्टीपेक्षा ईपीडीएम रबराची घ्या. स्पंज उन्हात एका हंगामात भुगा होतो.

पट्टी सरकत्या पृष्ठभागावर लावू नका, दुसऱ्या दिवशी गोळा होऊन निघते. पल्ला जिथे चौकटीवर दाबला जातो ती बाजू आणि दोन पल्ले मध्ये एकमेकांवर येतात ती उभी कड, एवढंच. आधी ओल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या, मग चिकटवा. खालच्या पन्हाळीतली पाणी जायची भोकं दोन दिवस फडक्याच्या वळकटीनं बुजवली की फरक लगेच जाणवतो. घुमणं तरी राहतंच, कारण ते काचेतून येतं. कूलरवाल्यांनी मात्र पैसे घालू नयेत. खिडकीत कूलर बसवलेला असेल तर तिथे फट नसते, भगदाड असतं. आणि गॅस गीझर असलेल्या बाथरूमची किंवा स्वयंपाकघराची हवेची जागा कधीही बुजवू नका. त्यात जीव जातो.

इतकं करूनही आत्या नाराज राहते, आणि तिला चूक ठरवायची घाई नको. हीच आत्या अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, बघायला रात्रभर जागते. रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात, तेही तिला चालतं. ढोल-ताशे काही ६९ डेसिबलला थांबत नाहीत. पण झांकी कधी निघते, कुठून जाते आणि कधी सरते, हे तिला पाठ आहे. शर्यतीचं मात्र असं:

“आत्या, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.”

“हो रे, पण किती वाजता ते सांग ना. दुपारी पडू की नको?”

पुतण्याकडे उत्तर नसतं, कारण तिकिटावर फक्त दरवाजे उघडायची वेळ असते. शेजाऱ्यांना हवा असतो एक पानाचा कागद: सराव किती ते किती, हीट म्हणजे प्राथमिक फेऱ्या किती, मधली सुट्टी कधी, फायनल कधी, टँकर पाणी मारायला कधी येणार, कुठली गल्ली कधी बंद, रुग्णवाहिका कुठून. टँकरची वेळ वाचून हसू नका. माती सुकली की तासाभरात वाळत घातलेले कपडे तांबूस होतात. जास्त मारलं तर चिखल होऊन शर्यत लांबते, म्हणून आयोजक हात आखडता घेतात. हा कागद आठ दिवस आधी प्रत्येक जिन्यात लागला तर निम्मा वाद बोर्डावरच मिटतो. बहुतेक वेळा तो लागत नाही. या परीक्षणातली सगळ्यात स्वस्त वस्तू तीच, आणि ती दुकानात मिळत नाही.

“तिकडे पीथमपूरला न्या” हा सल्ला प्रत्येक बैठकीत येतो. तिथल्या नॅट्रॅक्स या केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला, पण तो गाड्यांच्या चाचणीसाठी बांधलेला डांबरी लंबगोल. मातीच्या उड्या आणि जवळ बसणारे प्रेक्षक ही सुपरक्रॉसची गंमत तिथे कशी येणार? दुसऱ्या टोकाला शहरातल्या रस्त्यांवरची शर्यत. हैदराबादला फेब्रुवारी २०२३ मध्ये हुसेन सागराकाठी २.८ किलोमीटरवर फॉर्म्युला ई झाली तेव्हा लोक आवाजावर नाही, बंद रस्त्यांवर चिडले, कारण त्या गाड्या विजेच्या. चेन्नईत २०२४ ची ३.५ किलोमीटरची रात्रीची शर्यत तर उच्च न्यायालयात जाऊन आली. त्या मानानं मैदानातली सुपरक्रॉस सोसायला सोपी. इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर रात्री सायलेन्सर बदललेल्या बुलेट पळवणाऱ्यांचा राग मात्र तिच्यावर काढू नये. ती टोळी वेगळी.

तक्रार करायचीच असेल तर मोजून करा. आयफोनवर नायोशचं फुकट अॅप आहे, २ डेसिबल इकडे-तिकडे. अँड्रॉइडवर ते नाही, आणि तिथल्या इतर अॅपचा आकडा फोनगणिक बदलतो. बाल्कनीत भिंतीपासून मीटरभर दूर धरून १५ मिनिटांची सरासरी घ्या, शिखराचा आकडा नाही, कारण ध्वनिप्रदूषणाच्या नियमातली रहिवासी भागाची मर्यादा सरासरीवरच आहे: सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ डेसिबल, नंतर ४५. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि कोर्टाभोवती १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. शर्यत नसताना त्याच जागी आणखी १५ मिनिटं मोजून ठेवा. नुसत्या रस्त्याचाच आवाज ५५ च्या वर निघतो, आणि आयोजक पहिलं बोट तिथेच ठेवतात. धूळ आणि रस्त्याची तक्रार महापालिकेच्या इंदौर ३११ अॅपवर, बाकीची १८१ या सीएम हेल्पलाइनवर.

आणि पन्हाळीत कोंबलेल्या त्या वळकट्या शर्यत संपली की काढा. विसरलात तर जूनच्या पहिल्या सरीला पाणी बाहेर जाण्याऐवजी खोलीत येतं, नेमकं पलंगाच्या बाजूला.