लोखंड नगावर घेऊ नका

उन्हाळा लागला की आमच्या हिंगणघाट तालुक्यात गावोगावी बांधकामं निघतात. कापूस विकून झालेला असतो, तूर-चण्याचे पैसे हातात आलेले असतात, वावरात फारसं काम नसतं आणि मिरगाच्या आत स्लॅब पडला पाहिजे म्हणून सगळ्यांनाच घाई असते. फसवणारे नेमके याच दिवसांत फिरतात. लोखंडाच्या सळ्या घेताना आम्हाला कसं फसवलं ते मी सविस्तर लिहिते आहे, कारण तशीच चिठ्ठी आणि तेच बोलणं नंतर आजूबाजूच्या आणखी काही घरांतून माझ्या कानावर आलं.

आमचं जुनं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की निम्मे कवेलू फुटायचे आणि पावसाळ्यात घरभर गंज-बादल्या मांडाव्या लागायच्या. समोरच्या दोन खोल्या आणि सैपाकघर पाडून तिथे कॉलम-बीमचं पक्कं बांधकाम करायचं, मागची मातीची खोली तशीच ठेवायची, असं ठरलं. पुढे मुलं मोठी झाली की वर एक खोली चढवू, असंही मनात होतं.

बांधकामाचे ते दिवस फार सुखाचे गेले, हे मला आधी सांगायचं आहे. सामान गोठ्यात गेलं, चूल निंबाखाली आली. रात्री आंगणात बाजा टाकून सगळे एका ओळीत झोपायचो. दिवसभर पारा पंचेचाळीसच्या आसपास असला तरी पहाटेकडे वारा सुटायचा आणि कोणाला कूलरची आठवण यायची नाही. सासूबाई उजाडायच्या आत उठून पायव्यावर पाणी मारायच्या, त्यांना कोणी सांगितलेलं नसताना. ओल्या विटांना एक वास येतो, त्या वासासाठी मी चहाचा कप घेऊन मुद्दाम तिथे जाऊन बसायची. मुलगी मिस्त्रीच्या ओळंब्यामागे फिरून फिरून एक डोळा मिटून भिंत सरळ आहे की नाही ते सांगायला शिकली. दुपारी मजूर आणि रेजा, म्हणजे मजूर बाया, निंबाखाली शिदोरी सोडायचे. त्यांच्यातली एक जण कैरीचा तक्कू आणायची आणि मी जवसाची चटणी पुढे केली की वाटीभर तक्कू माझ्या ताटात यायचा. सासूबाईंना नव्या भिंतीतही दिव्यासाठी देवळी पाहिजे होती. मिस्त्रीने जास्तीचा एक पैसा न घेता छान कमानीची देवळी काढून दिली. मिस्त्री आणि मजूर यांचा पुढच्या प्रकाराशी काही संबंध नव्हता, त्यांचं काम चोख होतं.

ठेकेदार मात्र वेगळा. मजुरीचा ठेका त्याचा, माल आमचा, असा व्यवहार होता. पायवा सुरू झाला तसा तो रोज एकच विषय काढू लागला. लोखंडाचा भाव रोज चढून राहिला, आताच बुक करा, माझ्या ओळखीच्या दुकानात तुम्हाला किलोमागे दोन रुपये कमी लावून देतो. भाव ठरला ६२ रुपये किलो. यांनी मोबाईलवरून इसार पाठवला. माल कधी येणार हे विचारलं की उद्या, परवा. आणि शेवटी तो आला नेमका चौकट बसवायच्या दिवशी.

तो दिवस ठेकेदारानेच धरून दिला होता. घरात चौकटीची पूजा, नारळ, हळदीकुंकवाला आलेल्या आयाबाया, चुलीवर आलू-वांग्याची भाजी, पोरांची पळापळ. दिवस मावळताना ट्रॅक्टर दारात उभा राहिला. सळ्या मधोमध दुमडून बांधलेल्या होत्या, जशा नेहमी येतात. यांनी काट्याची पावती विचारली. ठेकेदार माझ्याकडे वळून म्हणाला, "वयनी, आज घरी सोन्यासारखा दिवस आहे अन् भाऊ काटा करून राहिले. लोखंडाले काटा कायले पायजे? कंपनीचं वजन ठरेल असते, नग मोजून घ्या ना!" चार पाहुण्यांसमोर बोलणं झालं. नग मोजले, बरोबर भरले. हातात चिठ्ठी आली: १२ एमएम ४० नग ४२६ किलो, १० एमएम ३० नग २२२ किलो, ८ एमएम ६० नग २८४ किलो. एकूण ९३२ किलो, ५७,७८४ रुपये. माल आणणाऱ्याने आमच्या घरचा प्रसाद घेतला, पैसे मोबाईलवर आल्याचं पाहिलं आणि ट्रॅक्टर गेला.

या चिठ्ठीतला डाव समजून घ्या. त्यातले आकडे खोटे वाटतच नाहीत, कारण ते सळ्यांच्या वजनाच्या तक्त्यातले खरे आकडे आहेत. १२ मीटर लांबीची १२ एमएमची सळी १०.६५ किलो भरली पाहिजे, १० एमएमची ७.४० आणि ८ एमएमची ४.७४. चिठ्ठीवर याच वजनाला नगाने गुणलेलं असतं. कोणी पुस्तक उघडून ताळा केला तरी तो जुळतो. फक्त आलेल्या सळ्या त्या वजनाच्या नसतात. १२ म्हणून दिलेली सळी प्रत्यक्षात ११ची निघते. एक एमएमचा फरक डोळ्याला कळत नाही, त्यात सळीवर आडव्या रेघा उठलेल्या असतात म्हणून बोटालाही नाही. पण सळीचं वजन जाडीच्या वर्गावर चालतं. जाडीला जाडीने गुणा, १६२ने भागा, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ची ११ झाली की वजन सोळा टक्क्यांनी उतरतं, आणि तेवढंच लोखंड तुमच्या कॉलममध्ये कमी पडतं.

कॉलम भरून झाले, बीम झाले, स्लॅबची सेंट्रिंग, म्हणजे खालच्या फळ्या आणि टेकू, लागली, वर सळ्यांची जाळी बांधून झाली. स्लॅबचा दिवस ठरला. १२च्या चार सळ्या उरल्या होत्या. शेजारच्या काकांना गोठ्याच्या खांबासाठी त्या हव्या होत्या. ते म्हणाले, किलोच्या भावाने घेतो, फुकट नको. घरात वेचणीचा काटा होताच. कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी किलोवर असते, म्हणून रोज संध्याकाळी त्यांची गाठोडी त्या काट्याला अडकवून तोलतो. तोच काटा निंबाच्या फांदीला बांधला. सळ्या दुमडलेल्याच होत्या, त्यांच्या मध्यावर दोर बांधून त्या आडव्या आकड्याला लावल्या. काटा ३६ किलोवर थांबला. चार सळ्यांचे साडेबेचाळीस व्हायला पाहिजे होते.

आधी वाटलं काटाच बिघडला. यांनी युरियाची ४५ किलोची न फोडलेली गोणी लावून पाहिली, ती बरोबर भरली. मग काकांनी चारही सळ्या सरळ करून टेपने मोजल्या, लांबी पूर्ण होती. म्हणजे कमी होती ती जाडीच.

आम्ही कापूस पिकवणारी माणसं. जिनिंगच्या काट्यावर गाडी लागली की गाडीवानाच्या पायाखाली काय आहे तेही पाहतो. आणि आमच्याच दारात, आमच्याच पूजेच्या दिवशी, "काटा कायले पायजे" म्हणून आम्हाला गप्प करण्यात आलं. याचा मला आजही संताप येतो. नंतर ज्या ज्या घरांशी बोलले तिथे हेच निघालं. कोणाकडे भूमिपूजनाला माल आला, कोणाकडे स्लॅबच्या सकाळी, मजूर येऊन बसलेले असताना. घरात आनंद असतो, पाहुणे असतात, भांडण नको असतं, ती वेळ हे लोक निवडून घेतात.

दुसऱ्याच दिवशी हिंगणघाटहून एका इंजिनिअरला आणलं. त्यांनी जाडी मोजायचं व्हर्निअर लावून प्रत्येक जाडीच्या सळ्या तपासल्या. १० आणि ८च्या सळ्याही त्याच प्रमाणात कमी होत्या. म्हणजे ९३२ किलोंच्या पैशात ८०० किलोसुद्धा लोखंड घरात आलं नव्हतं. साधारण नऊ हजार रुपये तर सरळ गेले. स्लॅबचा दिवस पुढे ढकलायला त्यांनी लावलं आणि ६ इंचावर बांधलेली जाळी सोडून ५ इंचावर बांधायला सांगितली, म्हणजे कमी पडलेलं लोखंड भरून निघेल. त्यासाठी जास्तीच्या सळ्या दुसऱ्या दुकानातून काट्यावर तोलून आणल्या. सेंट्रिंगचं भाडं वाढलं, मजुरांचे खाडे झाले. कॉलममध्ये गेलेलं लोखंड मात्र बाहेर काढता येत नाही. ते म्हणाले, एका मजल्याला चालेल, पण वर खोली चढवू नका. नऊ हजारांपेक्षा हे वाक्य आम्हाला महाग पडलं.

स्लॅब पडला त्या दिवशी मी वडाभात केला, कढी केली, सगळ्या मजुरांना पोटभर जेवू घातलं. त्या आनंदावर त्या माणसाची सावली पडू द्यायची नाही असं सासूबाईंनी सकाळीच बजावलं होतं. स्लॅबवर मातीचे आळे करून पाणी भरलं तेव्हा मुलगी दिवसभर जिन्यावर बसून पाण्यावर येणाऱ्या चिमण्या मोजत होती.

दुकानदाराचं उत्तर काय होतं? "कंपनीकडूनच असं येते, आम्ही काय घरी बनवतो?" तसं नाही. सळ्यांसाठीच्या भारतीय मानक १७८६ प्रमाणे वजनात थोडा फरक चालतो, पण एकेका सळीत १० एमएमपर्यंत फार तर ८ टक्के आणि १२ला ६ टक्के कमी. त्याहून जास्त तूट असलेली सळी त्या मानकात बसतच नाही. ठेकेदाराने फोन घेणं बंद केलं. त्याला दुकानातून दलाली मिळत होती हे मिस्त्रीकडून कळलं.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. माल येताना किलो आणि नग दोन्ही बघा, एकटं कोणतंही पुरत नाही. नुसते नग घेतले तर आमच्यासारखं होतं. नुसतं काट्यावर घेतलं तर पैसे वाचतात, पण बारीक सळ्या जास्त नगांनी येतात आणि मिस्त्री त्या १२च्या समजून बांधतो. गाडी भरलेली तोला आणि आपला माल उतरल्यावर रिकामीही त्याच काट्यावर तोला, मध्ये दुसरा माल चढू-उतरू देऊ नका. सळीवर कंपनीचं नाव, जाडी आणि ग्रेड उठवलेली असते, ती अक्षरं नीट वाचा. आमच्या सळ्यांवर एका नामांकित नावासारखंच दिसणारं, एक अक्षर बदललेलं नाव होतं. आयएसआयच्या खुणेबरोबर परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या मोबाईल ॲपवर टाकून बघता येतो. आणि सगळ्यात सोपं म्हणजे माल उतरायच्या आधी एका सळीचा बरोबर एक मीटरचा तुकडा कापून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. ८ची ३९५ ग्रॅम, १०ची ६१७ आणि १२ची ८८८ ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे. जो दुकानदार तुकडा कापू देत नाही त्याचा माल परत पाठवा, घरी पूजा असो की लग्न.

रेतीबद्दलही थोडं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉलीची आतून लांबी, रुंदी, उंची फुटात मोजा, गुणा आणि १००ने भागा. आमच्याकडे ब्रास म्हणून आलेली ट्रॉली ८२ घनफुटांची निघाली. शिवाय ओली रेती फुगते, पाव भागाने जास्तही दिसू शकते. रात्री बिनापावतीची रेती टाकणाऱ्यावर तक्रार करायलाही जागा उरत नाही, म्हणून रॉयल्टीची पावती मागाच. घरकुलवाल्यांना ५ ब्रासपर्यंत रेती मोफत द्यायचं सरकारचं धोरण आहे, ती तहसीलमध्ये मागा. सपाट भागातल्या घरकुलाचं मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये असतं. त्यातून लोखंड असं चोरीला गेलं तर त्या घरात काय उरणार?

आमच्याकडे पक्कं बिल नव्हतं. तरी कच्ची चिठ्ठी, मोबाईलवरून गेलेल्या पैशांची नोंद आणि ठेकेदाराचे भावाबद्दलचे मेसेज, एवढं पुराव्याला होतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा पुढचा रस्ता कळला. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दुकान कुठेही असो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे. आम्ही वर्ध्याला तक्रार दिली आहे. एकाच दुकानदाराने फसवलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने मिळूनही तक्रार करता येते. म्हणून ज्यांच्या घरी अशी नगावर किलो लिहिलेली चिठ्ठी असेल त्यांनी ती फाडू नका, तिचा फोटो काढून ठेवा, आणि उरलेल्या सळ्या भंगारात घालायच्या आधी एकदा वेचणीच्या काट्याला लावून बघा.