नऊ महिने वापरलेला एलईडी स्ट्रोबोस्कोप : सूतगिरणीतील अनुभव

गेल्या आठवड्यात आमच्या हातात धरायच्या स्ट्रोबोस्कोपची, म्हणजे ठरावीक वेगाने लुकलुकणाऱ्या प्रकाशात फिरता भाग थांबल्यासारखा दाखवणाऱ्या उपकरणाची, बॅटरी चार्ज होईनाशी झाली. सेवा केंद्राने बॅटरी सुटी मिळत नसल्याचे सांगून मागचा सबंध भाग बदलण्याचा जो खर्च कळवला, तो उपकरणाच्या मूळ किमतीच्या जवळपास निम्मा होता. गॅरंटीत बॅटरी धरलेली नाही, हे वाक्य त्यांनी तीन वेळा ऐकवले. तरीही माझी मुख्य तक्रार बॅटरीची नाही. हे उपकरण बंद झाले की आधी लावलेला वेग विसरते आणि पुन्हा सुरू केल्यावर मिनिटाला १,००० चमकांवर येऊन बसते, ही माझी तक्रार आहे.

मी इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत देखभालीचे काम पाहतो. आमच्या प्रत्येक रिंगफ्रेमवर, म्हणजे सूत कातणाऱ्या यंत्रावर, १,००८ चात्या (बॉबिन फिरवणारे दांडे) आहेत आणि चाळीस नंबरच्या (सुताच्या जाडीचा क्रमांक) सुताला त्या मिनिटाला १७,४०० फेऱ्यांनी चालतात. चाती मंद झाली की सुताला पीळ कमी बसतो आणि ते सूत पुढे मागावर तुटते. स्ट्रोबोस्कोप १७,४०० वर लावून फ्रेमच्या कडेने चालत गेले की नीट चालणाऱ्या चात्यांच्या बॉबिनवरची खूण स्थिर दिसते, तर मंद चातीची खूण उलटी फिरताना दिसते. वेग एक टक्क्याने कमी असेल तर ती सेकंदाला सुमारे तीन फेरे मागे जाते, त्यामुळे नजरेतून सुटत नाही. एका टेपवर, म्हणजे चात्या फिरवणाऱ्या पट्ट्यावर, चार चात्या असतात; चारही मागे फिरत असतील तर टेप सैल आहे आणि एकटीच फिरत असेल तर त्या चातीचे तेल किंवा बूड (खालचा आधार) तपासायचे, इतका निदानाचा भाग सोपा होतो. वेग मोजण्यापेक्षा या कामासाठी मला हे उपकरण अधिक मोलाचे वाटते.

आता विसरण्याकडे येतो. बॅटरी वाचवण्यासाठी पाच मिनिटे बटण न दाबल्यास ते आपोआप बंद होते. फिटर टेप बदलायला थांबला की पाच मिनिटे सहज जातात, आणि मग १,००० पासून १७,४०० पर्यंत पुन्हा चकती फिरवत बसावे लागते. पहिल्या महिन्यात मला हा केवळ वेळेचा प्रश्न वाटला होता. पुढे एका पाळीत ‘फ्रेम निम्म्या वेगाने चालते आहे’ अशी नोंद झाली, तेव्हा मी उपकरणाच्या अचूकतेवरच संशय घेतला आणि विक्रेत्याला तसे कडक शब्दांत लिहिलेही. तो संशय चुकीचा होता, हे इथे स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. दोन चमकांमध्ये चातीचे पूर्ण फेरे झाले की खूण त्याच जागी दिसते, म्हणून खालून वर जाताना ५,८०० वर, म्हणजे खऱ्या वेगाच्या तिसऱ्या हिश्श्यावर, एक स्थिर प्रतिमा दिसते. ८,७०० वर पुन्हा दिसते. आणि नवखा माणूस तिथेच थांबतो. म्हणून आकडा नेहमी वरून खाली आणावा आणि पहिली एकेरी स्थिर प्रतिमा खरी मानावी. खात्रीसाठी आकडा दुप्पट करून पाहावा. दोन खुणा समोरासमोर दिसायला हव्यात; एकच दिसली तर मूळ आकडा चुकीचा. उपकरण अचूक होते, पण दर वेळी खालून सुरुवात करायला लावून ते माणसाला नेमक्या चुकीच्या दिशेने नेत होते.

शिवाय मिनिटाला १,००० म्हणजे सेकंदाला जवळपास सतरा चमका. सेकंदाला पाच ते तीस चमकांचा प्रकाश प्रकाशसंवेदी अपस्माराच्या (लुकलुकत्या प्रकाशाने झटके येणाऱ्या) रुग्णांना घातक ठरू शकतो, आणि आमच्या विभागात पाळीला अनेक कामगार असतात. सुरू होताच नेमक्या याच टप्प्यात चमकणारे उपकरण मला मान्य नाही. फिरता भाग थांबल्यासारखा दिसतो म्हणून त्याला हात लावू नये, हे तर आम्ही प्रत्येक नव्या माणसाला प्रत्यक्ष दाखवूनच सांगतो.

बाकी बाबतीत माझे मत सुधारले आहे. आमच्या जुन्या झेनॉन दिव्याच्या स्ट्रोबोस्कोपला वायर ओढावी लागे आणि त्याची मर्यादा मिनिटाला १२,००० चमकांची होती. त्यामुळे स्थिर प्रतिमा दाखवणाऱ्या लागोपाठच्या दोन आकड्यांचा गुणाकार त्यांच्या फरकाने भागून वेग काढावा लागे. ८,७०० आणि ५,८०० वरून १७,४०० असा. ती आकडेमोड आता संपली. सुरुवातीला या एलईडी उपकरणाची प्रतिमा मला पुसट वाटली, पण दोष माझ्या मांडणीचा निघाला. चातीच्या २० मिलिमीटर व्यासाच्या कप्पीचा पृष्ठभाग या वेगाला सेकंदाला अठरा मीटर सरकतो. चमक १०० मायक्रोसेकंद टिकली तर खूण जवळपास दोन मिलिमीटर पसरते, १० ठेवली तर अवघी ०.२. चमक छोटी केल्यावर प्रकाश कमी झाला, म्हणून फ्रेमवरच्या ट्यूबलाइट बंद करून पाहिले आणि खूण रेखीव दिसली.

सेवा केंद्राचा खर्च मी मंजूर केलेला नाही. नवे उपकरण साधे, बाजारात मिळणारे सेल घेणारे असावे, असे मागणीपत्रात लिहिले आहे. शिवाय विक्रेत्यासमोर १७,४०० लावायचे, बंद करायचे, दहा मिनिटांनी सुरू करायचे. तोच आकडा दिसला तरच किमतीची बोलणी करायची, अशी अटही घातली आहे.