टेस्ट रॉड नव्हता, तेव्हाच माल परत पाठवायला हवा होता

आधीच सांगतो, मी नवखा नाही. 19 वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली आहेत. तरीही लाइट कर्टनच्या (प्रेससमोरचा प्रकाशकिरणांचा, म्हणजे बीमचा पडदा; हात आडवा आला की प्रेस थांबवतो) खरेदीत मला शेंडी लागली.

झालं असं की एका हायड्रॉलिक प्रेसचा कर्टन डाय (साचा) चढवताना ठोकर लागून फुटला. उरलेल्या दोन प्रेसचेही जुने झाले होते. नेहमीच्या कंपनीने 8 आठवडे सांगितले. तेवढ्यात एकाने त्यांच्या कोटेशनच्या 55 टक्के दरात 4 संच, 5 दिवसांत, देतो म्हटलं. 60 टक्के आगाऊ, 40 टक्के माल निघताना. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. वरून उत्पादनासाठी रोज फोन येत होते हो, मी तरी काय करणार होतो?

खोक्यावर सगळं होतं: टाइप 4, पीएल ई (दोन्ही सुरक्षेच्या सर्वांत वरच्या श्रेणी), रिझोल्यूशन (कर्टन हमखास पकडेल अशी सर्वांत कमी जाडी) 14 मिलिमीटर, रिस्पॉन्स टाइम 12 मिलिसेकंद. प्रमाणपत्राची पीडीएफसुद्धा होती. नव्हता तो फक्त टेस्ट रॉड, म्हणजे रिझोल्यूशनएवढ्याच जाडीची तपासणीची कांडी. मी फोन केला तर म्हणतो, "साहेब, रॉड कशाला? हात घालून बघा की." मी हात घातला, प्रेस थांबली, मी खूश. त्या क्षणाची आठवण झाली की अजून स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. अख्खा पंजा कुठल्याही कर्टनला दिसतो! चौदाचा दावा तपासायचा तर चौदाचाच रॉड लागतो, हे मी स्वतः नव्या पोरांना शिकवतो.

कर्टन धोक्याच्या जागेपासून किती लांब हवा, त्या अंतराचा हिशोब मात्र मी चोख केला होता. प्रेस थांबायला 118, कर्टनचे 12, सेफ्टी रिलेचे (कर्टनचा इशारा घेऊन प्रेस तोडणारा स्विच) 20, एकूण 150 मिलिसेकंद. आयएसओ 13855 या मानकाचं सूत्र, हाताचा वेग सेकंदाला 2000 मिलिमीटर धरून: 2000 गुणिले 0.15, म्हणजे 300 मिलिमीटर. रिझोल्यूशन 14 असलं की त्यात वरची भर शून्य. तीन प्रेसवर बरोबर 300 वर कर्टन बसवले, चौथा संच राखीव ठेवला. आकडेच खोटे असतील तर सूत्र काय करणार?

तीन आठवड्यांनी ऑपरेटर म्हणाला, "दादा, बोट आत गेलं तरी कधी कधी दिवा हिरवाच राहतो." अंगावर काटा आला. प्रेस बंद केल्या, ओळखीच्या माणसाकडून 14 आणि 30 चे रॉड आणले. चौदाचा रॉड वरून खाली नेताना दिवा सतत लाल राहायला हवा. इथे लाल, हिरवा, लाल, हिरवा. तीसच्या रॉडला तेवढा लाल टिकला. बीममधलं अंतर मोजलं तर 20 मिलिमीटर! थांबण्याचा वेळ मीटर लावून मोजला तर 150 च्या जागी 186. आता 2000 गुणिले 0.186 म्हणजे 372, त्यात तीसच्या रिझोल्यूशनची भर 8 गुणिले (30 वजा 14), म्हणजे 8 गुणिले 16, 128. बरोबर 500. कर्टन होता 300 वर.

एक संच उघडला. ओएसएसडीच्या (प्रेस थांबवायचा इशारा देणारे कर्टनचे दोन स्वतंत्र आउटपुट) दोन्ही वायरी आत एकाच जागी सोल्डर केलेल्या! म्हणजे ट्रान्झिस्टर एकच. तो चिकटला की दोन्ही आउटपुट चालू राहणार आणि रॅम (प्रेसचा दाबणारा भाग) खाली येणार. सेफ्टी रिलेने का पकडलं नाही, असं मला तीन जणांनी ऐकवलं. अहो, दोन्ही वायरी एकदमच बदलत होत्या, त्याला सगळं ठीकच दिसणार. दोन ओएसएसडींमधला शॉर्ट पकडणं कर्टनचं काम असतं, रिलेचं नाही. हा माल मुळात खोकी मोजायचा साधा सेन्सर, वर सेफ्टीचा पिवळा रंग.

प्रमाणपत्रावरचा नंबर ते देणाऱ्या संस्थेच्या साइटवर टाकला तर तो दुसऱ्याच कंपनीच्या दरवाजाच्या स्विचचा निघाला. दोन मिनिटांचं काम. पैसे भरण्याआधी करा, माझ्यासारखं नंतर नको. संस्थेला कळवलं, त्यांचं उत्तर: "आमचा या विक्रेत्याशी संबंध नाही."

पोलिस म्हणाले, माल मिळाला ना, मग फसवणूक कसली, हा दिवाणी मामला. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर कळलं की धंद्यासाठी घेतलं म्हणून मी ग्राहकच नाही! सुरक्षा खात्यात विचारलं, "अपघात झालाय का?" नाही म्हटल्यावर फाइल मिटली. म्हणजे बोट तुटल्यावर यायचं का? एका साहेबांनी तर बीम म्हणजे काय ते मलाच विचारलं, वर अर्ज तीन प्रतींत मागितला. विक्रेत्याने "सद्भावना म्हणून" 10 टक्के परत देऊ केले, अट एकच, तक्रार मागे घ्या. घेतली नाही.

आणि हो, की-क्लचच्या (एकदा सुटली की पूर्ण फेरी मारूनच थांबणाऱ्या) प्रेसवर कोणी कर्टन विकत असेल तर त्याला दारातूनच हाकला. ती प्रेस स्ट्रोकच्या मध्ये थांबतच नाही, खरा टाइप 4 लावला तरी. याच माणसाने मला तोही सौदा सुचवला होता; तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

चौथ्या खोक्याचं सील तोडलेलं नाही. नमुना सीलबंद लागतो, हे मला पाचव्या टेबलावर सांगितलं. आधीच्या चारही टेबलांवरचे लोक उघडलेले तीन संच उलटसुलट करून बघत होते, एकानेही हे सांगितलं नाही.