वेट पॅलेटचे आठ महिने

मी मिनिएचर, म्हणजे चिमुकल्या मूर्ती, रंगवते. त्यातल्या माझ्या पहिल्या गॉब्लिनचा चेहरा वितळल्यासारखा दिसतो. नाक, ओठ, सुळे, सगळ्यावर हिरव्याचा एकच लपका. हात जड आहे माझा, असं समजून मी बारीकातले बारीक ब्रश घेत सुटले. ट्रिपल झीरोसुद्धा घेतला. त्याच्या टोकावर रंग इतका कमी राहतो की मिनिएचरपर्यंत पोचेपर्यंत तो वाळलेला असतो. आता डोळेसुद्धा मी एक नंबरच्या टोकदार ब्रशने काढते.

दोष बशीतल्या रंगाचा होता. ॲक्रिलिकमधलं पाणी उडालं की रंग घट्ट होतो, आणि छोटा थेंब तर बघता बघता साय धरतो. तो वाया जायच्या आत संपवायचा म्हणून माझा हात पळायचा.

वेट पॅलेट म्हणजे बघायला गेलं तर काहीच नाही. झाकणाचा चपटा डबा, आत स्पंज, वर कागद. स्पंजातलं पाणी कागदातून झिरपत वर येतं आणि उडालेल्या पाण्याची भरपाई होत राहते. रविवारी कालवलेला त्वचेचा रंग मला सोमवारी रात्री तसाच मिळतो. तीच छटा पुन्हा जुळवत बसण्याची कटकट गेली, हे एकच कारण मला पुरेसं आहे.

पहिल्या दिवशी मात्र मी स्पंज बुडेल इतकं पाणी ओतलं. कागद तरंगायला लागला, लाल आणि पांढरा एकमेकांत शिरले, आणि सरदाराच्या ढालीवरून गुलाबी ओघळ थेट चिलखताच्या खाचांत. पाणी स्पंजाच्या कडेच्या जरा खालीच हवं. कागद बोटाने दाबून बुडबुडे काढायचे आणि वर तळं दिसलं तर टिश्यूने टिपायचं. चांदी-सोन्याचे मेटॅलिक रंग इथे अजिबात नकोत. त्यातली चमकी पाण्याबरोबर शेजारच्या रंगात जाते. माझ्या एका एल्फच्या गालावर ती अजून चकाकते आहे. मेटॅलिकसाठी जुनी बशीच बरी. वॉश, म्हणजे खाचांत सावली भरणारा पातळ रंग, तोही तिथेच, कारण तो आधीच पाण्यासारखा असतो.

खरी मजा आली ती झग्यावर. ग्लेझसाठी, म्हणजे खालचा रंग दिसू देणाऱ्या पातळ थरासाठी, एक थेंब रंगाला चार-पाच थेंब पाणी घेते, ब्रश टिश्यूवर टेकवून जास्तीचं उतरवते आणि उजेडाकडून सावलीकडे ओढते. जिथे ब्रश उचलला जातो तिथे रंग जास्त साचतो, म्हणून शेवट सावलीत झाला पाहिजे. हे कळायला मला दोन झगे खर्ची घालावे लागले. पहिला थर दिल्यावर काही झालंय असं वाटतच नाही. तिसऱ्यानंतर घडी खोल दिसायला लागते. निळ्या झग्याला सात थर लागले.

पण एक सांगते, पॅलेट रंग ओला ठेवतं, तुम्हाला थांबवत नाही. अर्धवट वाळलेल्या थरावर ब्रश फिरवला की खालचा रंग सालपटासारखा निघतो, आणि माझी बोटं तर त्याच वेळी शिवशिवतात. म्हणून आता तीन मिनिएचर एकदम घेते. एक वाळेपर्यंत दुसरी हातात.

तक्रारी? वास. दोन आठवडे डबा बंद राहिला आणि उघडला तर स्पंजावर काळे ठिपके. तांब्याचं नाणं स्पंजाखाली ठेवायची युक्ती केली, तरी बुरशी उशिरा का होईना आलीच. आता काम संपलं की दोन-तीन दिवसांनी स्पंज धुऊन, पिळून वाळवते. सोबत आलेले कागद लवकर संपले. बेकिंगचा पार्चमेंट कापून वापरते, काम तेच होतं. मेणकागद मात्र चालत नाही, पाणी त्यातून वर येत नाही.

संध्याकाळभरात वीस सैनिक ड्रायब्रशने उरकायचे असतील तर हे घेऊ नका. ड्रायब्रश म्हणजे ब्रश जवळजवळ कोरडा करून उंचवट्यांवर घासायचा, त्याला कोरडाच रंग लागतो. चेहरे, झगे, चामड्याच्या कडा यांत रमणार असाल तर घ्या, फक्त झाकणाची खिटी आधी तपासून. माझी पाचव्या महिन्यात तुटली. सध्या डब्याला दोन रबरबँड आहेत, आणि आत मंगळवारचा जांभळा अजून ओला आहे.