डोंगल दिलं आणि सही गेली

हे लिहायला दोन वर्षं लावली. लाज वाटत होती हे खरं कारण. पण गेल्या महिन्यात सांवेर रोडवरच्याच एका ओळखीच्या कारखानदाराने सहज सांगितलं, "टेंडरचं सगळं एक जण बघतो, डोंगलसुद्धा त्याच्याकडेच असतं." सरकारी टेंडर ऑनलाइन भरताना लागणारी डिजिटल सही त्या डोंगलमध्येच असते. म्हटलं, आता गप्प बसणं बरं नाही.

आमचं शिवणकामाचं युनिट आहे. बारा मशिनी, चौदा बायका, कटिंगला एक मास्तर. पीथमपूरच्या कंपन्यांना ॲप्रन, इंदूरच्या दोन-तीन खासगी हॉस्पिटलांना गाउन, आणि पिवळ्या-केशरी पट्टीची जॅकेटं. आमचं इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय. पहाटे रस्त्यावर जेवढी माणसं झाडू घेऊन उतरतात, तेवढी जॅकेटं कोणीतरी शिवत असणारच. मग आपण का नाही, हा विचार माझ्या डोक्यात बरेच दिवस होता.

२०२२ च्या गणेशोत्सवात रामबागेत एका कार्यक्रमानंतर तो भेटला, टेंडर भरून देणारा सल्लागार. मराठी, चांगल्या घरचा दिसणारा, बोलणं लाघवी. मला दादा, बायकोला वहिनी. दुसऱ्याच रविवारी घरी उसळ-पोहे खाऊन गेला. सरकारी खरेदीचं त्याला सगळं माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर जे सांगत होता ते बरोबरच होतं. निविदा दोन लिफाफ्यांची असते. पहिला तांत्रिक: जीएसटी, उलाढाल, अनुभवाचे दाखले, शपथपत्रं. त्यात पास झालात तरच दुसरा, म्हणजे दराचा, उघडतो. दर सगळ्यात कमी तो एल-वन, त्याला वर्क ऑर्डर. भाग घ्यायला बयाणा भरावा लागतो, त्याला सगळे ईएमडी म्हणतात. हरलात तर तो परत मिळतो.

"दादा, लहान माणूस अनुभवाच्या अटीत मार खातो," तो म्हणाला. हेही खरंच. तीन वर्षांत अमुक इतक्या रकमेचं काम केलेलं असावं, अशी अट असते. काम मिळाल्याशिवाय अनुभव नाही, अनुभवाशिवाय काम नाही. "ते मी बघतो," म्हणाला. त्या 'बघतो'चा अर्थ मी तेव्हा विचारला नाही.

डिजिटल सही काढायची होती. क्लास थ्री, दोन वर्षांची. व्हिडिओवर मी चेहरा दाखवून माझं नाव सांगितलं, ओटीपी आले, ते त्याला वाचून दाखवले. आठवड्याभरात पाकीट आलं. आत पेन ड्राइव्हसारखं निळं डोंगल. त्याने खिशातून सेलोटेप काढली, पिन लिहिलेली चिठ्ठी डोंगललाच चिकटवली आणि म्हणाला, "विसरायला नको." मग ते शर्टाच्या खिशात टाकलं. निविदांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणीही त्यानेच केली. ई-मेल त्याचा, मोबाइल त्याचा. मला सोयीचंच वाटलं. शिलाईच्या धांदलीत मेल कोण बघत बसणार?

निविदा ६० लाखांची आहे, २ टक्के ईएमडी, असं त्याने सांगितलं. १ लाख २० हजार मी त्याच्या खात्यावर टाकले. फी २५ हजार. आणि वर १५ हजार 'वरचे'. ते कशाचे हे मी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे मला कळलं होतं. ही गोष्ट वगळून लिहिलं असतं तर मी बिचारा दिसलो असतो, पण तेवढा बिचारा मी नव्हतो.

महिन्याभराने व्हॉट्सॲपवर एक्सेलचा फोटो आला. आपण एल-टू. "थोडक्यात गेलं, दादा." ईएमडी? "सरकारी काम आहे, वेळ लागतो." दिवाळी गेली, संक्रांत गेली. फोनवर तो दर वेळी नवीन कारण सांगायचा आणि शेवटी वहिनींची तब्येत विचारायचा.

जुलै २०२३ मध्ये पोस्टमनने युनिटवर रजिस्टर पत्र आणून दिलं. कारण बताओ नोटीस. अमुक निविदेत तुमच्या फर्मने जोडलेला अनुभवाचा दाखला खोटा निघाला, तुमचा ईएमडी जप्त का करू नये आणि तुम्हाला काळ्या यादीत का टाकू नये, खुलासा करा. निविदेचा क्रमांक मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

पत्र युनिटवर आलं याचं एकच कारण. मेल आणि मोबाइल त्याचा असला तरी जीएसटीच्या कागदावर पत्ता माझा होता. नाहीतर मला कळायच्या आत निकाल लागला असता.

रात्री भाच्याने पोर्टल उघडलं. ते मध्य प्रदेशचं ई-निविदा पोर्टल, केंद्र सरकारच्या एनआयसी या संस्थेच्या प्रणालीवर चालतं. उघडलेल्या निविदांची स्थिती आणि निकाल बघायला लॉगिनसुद्धा लागत नाही! कोणीही बघू शकतं: कोणी भाग घेतला, तांत्रिकमध्ये कोण पास, कोणाचा दर किती. आम्ही आधी माझी 'थोडक्यात गेलेली' निविदा शोधली. भाग घेणाऱ्यांच्या यादीत माझी फर्म नव्हतीच. एल-टू सोडा, अर्जच भरला नव्हता. मग भाच्याने एकेक निकाल उघडत माझ्या फर्मचं नाव शोधलं. पहाटे अडीचपर्यंत अकरा निविदा सापडल्या. अकराही ठिकाणी मी हरलो होतो. त्यांतल्या नऊ ठिकाणी एकच फर्म जिंकली होती.

या धंद्यात याला 'सपोर्टिंग' म्हणतात. एका फर्मला काम मिळवून द्यायचं तर बाजूला दोन-तीन डमी उभे करायचे, म्हणजे कागदावर स्पर्धा दिसते. डमीचा दर मुद्दाम चढा. डमीला काहीच मिळत नाही, आणि बऱ्याचदा आपण डमी आहोत हे त्याला माहीतही नसतं. स्पर्धा अधिनियम २००२ च्या कलम ३ मध्ये संगनमताने बोली लावण्यावर बंदी आहे. आणि त्या संगनमतात सही माझी होती.

सुनावणीला गेलो तेव्हा कार्यालयातल्या अधिकाऱ्याने समोर तुलनात्मक पत्रक ठेवलं. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. त्यांची चूक नव्हती, उलट दाखला खोटा आहे हे त्यांनीच हॉस्पिटलला पत्र लिहून पकडलं होतं. पत्रकात तीन फर्म, तीन रकाने. जॅकेट २१०, २१४.२०, २१८.४०. ॲप्रन १५०, १५३, १५६. हातमोज्यांची जोडी ८५, ८६.७०, ८८.४०. तिसरा रकाना माझा. प्रत्येक वस्तूवर दुसरा बरोबर दोन टक्के चढा, तिसरा बरोबर चार. ज्याने कधी कापड विकत घेतलं आहे त्याला विचारा, जॅकेट आणि हातमोजे यांची किंमत कधी एकसारख्याच टक्क्यांनी हलते का?

"हे तुम्ही भरलं?" अधिकाऱ्याने विचारलं. मी बघतच राहिलो. माझ्याकडे तेच जॅकेट तेव्हा १७८ रुपयांना पडत होतं. १९५ ने भरलं असतं तर जॅकेटावर मीच खाली आलो असतो. ज्या निविदेत माझ्याच नावाने मला हरवलं, तिथे मी जिंकण्यासारखा होतो. एक लाख साठ हजारांपेक्षा हे जास्त लागलं.

मग त्यांनी तिन्ही फर्मची शपथपत्रं शेजारीशेजारी ठेवली. तिघांनीही 'जॅकेट'च्या हिंदीत तीच एक चूक केली होती. आणि माझा दाखला. ज्या हॉस्पिटलला मी खरोखर ४ लाख २० हजारांचे गाउन दिले होते, त्याच्या लेटरहेडवर १४ लाख २० हजार. पुढे फक्त एक आकडा चढवला होता. मूळ दाखला मीच त्याला दिला होता, 'झेरॉक्स काढून परत करतो' म्हणाला होता.

मी माझी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "पण सही तुमची आहे." कायद्याचंही तेच म्हणणं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४२ मध्ये सहीची खासगी चावी, म्हणजे डोंगलमध्ये असते ती, सांभाळायची जबाबदारी ज्याची सही त्याच्यावर टाकली आहे, आणि ती हातची गेली तर विनाविलंब प्रमाणन संस्थेला, म्हणजे सही देणाऱ्या संस्थेला, कळवायचं. मी ती चावी पिनसकट देऊन टाकली होती. कोऱ्या चेकबुकावर सह्या करून दिल्यासारखं, फक्त चेकला बँकेतल्या पैशांची तरी मर्यादा असते.

मला वाचवलं एका गोष्टीने. ईएमडी ज्या खात्यातून जातो त्याच खात्यात परत येतो. नोटिशीतल्या निविदेचा माझ्या नावाचा ईएमडी कुठून आला हे त्यांनी काढलं, तर ते खातं माझं नव्हतं. शिवाय तिन्ही निविदा एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे एकाच इंटरनेट जोडणीवरून, भरल्या होत्या. माझ्या बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट आणि त्याच्या खात्यावर टाकलेल्या रकमांचा पुरावा मी जोडला. काळ्या यादीत नाव गेलं नाही, कडक ताकीद मिळाली. त्या निविदेचा ईएमडी जप्त झाला, तो कोणाचा होता देव जाणे.

सही रद्द करायला मी नोटीस आल्यानंतर चार दिवस लावले. ते चार दिवस कोणी लावू नयेत. ज्या रात्री संशय येतो त्याच रात्री प्रमाणन संस्थेला मेल करायचा आणि पोर्टलवरचा ई-मेल-मोबाइल बदलायच्या मागे लागायचं. पोलिसांत तक्रार दिली, ४२० खाली. तिचं पुढे काय झालं ते विचारू नका. पैशांपैकी ३० हजार त्याने ओळखीच्या माणसाहाती पाठवले, 'गैरसमज झाला' या निरोपासह. १९३० या हेल्पलाइनवर सायबरची तक्रार घेतात, पण ती पैसे गेल्या-गेल्या करायची असते. मी तर नऊ महिन्यांनी जागा झालो.

सल्लागार घेऊच नये असं मी म्हणत नाही. प्रामाणिक सल्लागार आहेत, आणि पहिल्या निविदेला कोणीतरी शेजारी बसलेलं बरं. फक्त शेजारी. डोंगल माझ्या लॅपटॉपला, पिन मी टाकायचा, मेल आणि मोबाइल माझा, ईएमडी पोर्टलवरून माझ्या खात्यातून. कोणी म्हणालं, 'माझ्या खात्यावर टाका, मी भरतो,' तर तिथेच चहा संपवून उठायचं. पोर्टलवर निविदा कशी भरायची याची पुस्तिका फुकट आहे. कंटाळवाणी आहे, पण बायकोने आणि मी तीन रविवार बसून वाचली. दरपत्रकाच्या एक्सेल फाइलचं नाव बदललं तर ती चढत नाही, हे आम्हाला दोनदा आपटून कळलं.

या मार्चमध्ये आम्ही पहिली निविदा स्वतः भरली. लहानशीच होती. दर आम्ही रात्री जेवणानंतर ठरवले, कापडाच्या व्यापाऱ्याला तीनदा फोन केला. आर्थिक लिफाफे उघडले त्या दिवशी भाच्याने युनिटवरच निकाल लावला आणि वाचून दाखवला: एल-थ्री. जॅकेटमागे सहा रुपयांनी गेलो. मास्तर म्हणाला, पट्टी दुसरीकडून घेतली तर चार सुटतील.

ईएमडी मात्र आपोआप परत आला, आमच्याच खात्यात. मेसेज वाजला तेव्हा बायको बॉबिन भरत होती. तिने मोबाइल बघितला आणि मशीन बंद न करता म्हणाली, "एवढाच वेळ लागतो होय!"