जुनी जनगणना बघायचीय? गोवंडीला उतरा

एमएच्या प्रबंधासाठी गिरणगावात कोकणातून आलेल्या माणसांचे आकडे हवे होते, त्यासाठी देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या लायब्ररीत चार दिवस बसले आणि मनापासून सांगते, लोकसंख्येवर काम करत असाल तर आधी इथेच या. संस्था १९५६ची, गोवंडी स्टेशनपासून रिक्षाने जवळ. बाहेरचे असाल तर आधी फोन करा आणि कॉलेजचं पत्र, आयडी घेऊनच जा.

मला वाटत होतं सगळं एकाच पुस्तकात असेल, पण काउंटरवरच्या ताईंनी नीट समजावलं की १९११च्या जनगणनेचे मुंबई शहराचे खंड वेगळे आहेत, त्यातही रिपोर्ट एका भागात आणि तक्ते दुसऱ्या. नेटवरच्या स्कॅनमध्ये मोठे तक्ते कापले जातात, इथे अख्खं पान समोर. कागद इतका ठिसूळ की पान दोन्ही हातांनी उलटावं लागतं. शहराची लोकसंख्या ९,७९,४४५, आणि जन्मठिकाणाच्या तक्त्यात रत्नागिरीची ओळ दिसली तेव्हा डोळे भरून आले, माझे पणजोबा राजापूरहून आलेले, त्या आकड्यात तेही असणार ना!

१९४१चं फार मिळणार नाही, युद्धामुळे तेव्हा तक्तेच कमी केले होते.

याआधी शहरातल्या दुसऱ्या एका लायब्ररीत पत्र असूनही तीन हेलपाटे मारायला लावले होते, खंड बघायलाही मिळाला नाही. इथे दहा मिनिटांत टेबलावर. जेवणाचा डबा मात्र घरूनच न्या.